जुन्या आवृत्तीतली माणसं

बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात राहून मी एक लहानसं प्लगइन सांभाळते. वर्डप्रेसवर उभ्या केलेल्या मराठी वेबसाइटवर तारीख, वार, महिना आणि आकडे आपल्या लिपीत, आपल्या क्रमाने दिसावेत, एवढंच त्याचं काम. ते फुकट आहे. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे आणखी कोणाला द्यावा. माझ्या संगणकवर्गात शिकलेल्या एका मुलाने जवळच्या गावातल्या वाचनालयाची वेबसाइट केली होती. पुस्तकांची नावं मराठी, लेखक मराठी, आणि तारखा मात्र महिना आधी आणि दिवस नंतर अशा परक्या क्रमाच्या. त्याच्यासाठी म्हणून जे लिहिलं ते पुढे वर्डप्रेसच्या सार्वजनिक संग्रहात ठेवलं. शाळा, पतसंस्था, शेतकरी गट, एखाद्या देवस्थानाचं विश्वस्त मंडळ अशी मंडळी ते वापरू लागली. त्यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही.

असं काही लिहून लोकांना देऊन टाकलं की त्याचं कौतुक होतं, आणि ते व्हावंही. दिल्यानंतरची वर्षं मात्र कोणाच्या नजरेत येत नाहीत. मला बोलायचं आहे ते त्या वर्षांबद्दल.

वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्या साधारण वर्षाला दोन-तीन येतात. प्रत्येकीच्या आधी चाचणीची प्रत मिळते. ती वेगळ्या ठिकाणी चढवायची, आपलं प्लगइन सुरू करायचं, सगळी पानं उघडून पाहायची, जुन्या फोनवरही पाहायची. सगळं ठीक असेल तर प्लगइनच्या माहितीच्या फायलीत 'अमुक आवृत्तीपर्यंत तपासलं आहे' ही ओळ बदलायची. एवढीशी ओळ, पण तीन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत ती बदलली नाही, तर संग्रहातल्या पानावर ठळक सूचना लागते की हे प्लगइन अलीकडच्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही, ते बहुधा कोणी सांभाळत नसावं. मला ती सूचना फार न्याय्य वाटते. वापरणाऱ्याला हे कळायला हवं की पलीकडे कोणी आहे की नाही.

ठीक नसतं तेव्हा काय होतं, तेही सांगते. नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्डप्रेसची ५.३ आवृत्ती आली आणि तारखा हाताळण्याची आतली पद्धत बदलली. वेळेत स्थानिक फरक मिळवून तारीख काढायची जुनी रीत सोडा, असं सांगणं होतं आणि ते योग्यच होतं. त्या रीतीत चुका शिरत. माझं सगळं प्लगइनच तारखांचं, म्हणजे बराचसा कोड पुन्हा लिहिणं आलं. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आली. जेक्वेरी या तयार कोडसंचावर लिहिलेल्या जुन्या कोडला चालू ठेवणारा 'मायग्रेट' नावाचा भाग तोवर आपोआप चढत असे, तो थांबला. जगभर कितीतरी वेबसाइटच्या कळा दबेनाशा झाल्या. वर्डप्रेसच्या चमूने लगोलग एक मदतनीस प्लगइन काढलं, जुनं काम काही दिवस चालू राहावं म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर वर्डप्रेसच्या मुळाशी असलेल्या पीएचपी भाषेची आठवी आवृत्ती आली, आणि आधी ज्या गोष्टींवर नुसती ताकीद मिळत असे त्यांतल्या काहींवर पान उघडेचना. हे कोणाच्या निष्काळजीपणाने झालेलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी सुधारलं होतं.

आणि मग फोन येतो. "ताई, आकडे पुन्हा इंग्रजी दिसून राहिले. मी तर कशालेच हात नाही लावला."

तो खरंच बोलत असतो. त्याने हात लावलेला नसतो. सोयाबीन घरात आलं, तुरीच्या शेंगा भरायला अजून अवकाश आहे, तेव्हा आठवण झाली म्हणून शेतकरी गटाची वेबसाइट उघडली. गेल्या वर्षी याच सुमाराला उघडली होती. मधल्या काळात पाच-सहा गोष्टी बदलल्या, त्यांतली एकही त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. वेबसाइट हा त्याचा धंदा नाही. तिच्यावर बियाण्याचे दर आणि बैठकीची तारीख लिहायची असते, आणि ती तारीख वाचता यायला हवी.

दीर्घकाळ सांभाळणं म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर या माणसाजवळ आहे. तो वर्षाने परत येईल तेव्हा त्याचं लिहिलेलं जागेवर असावं, आणि त्याला कळणाऱ्या भाषेत असावं. नवं काय आलं यापेक्षा जुनं किती नीट राहिलं यावर मी एखाद्या साधनाची पारख करते.

आमचं गाव नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यावर आहे. मेहकर सोडलं की डोणगाव, आणि पुढे वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, ५ जून २०२५ला शेवटचा इगतपुरीकडचा टप्पाही झाला, आणि लांब पल्ल्याची वाहतूक त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याकडे वळली. चांगलंच झालं, नागपूर जवळ आलं. पण म्हणून जुना रस्ता बंद करून टाकू असं कोणी म्हणू शकत नाही. शाळा त्याच्या कडेला आहे, दवाखाना आहे, बाजार आहे, शेतात जायचा फाटा त्याच्यावरूनच फुटतो. नवा रस्ता बांधणाऱ्यांइतकंच महत्त्व मी जुन्यावरचे खड्डे बुजवणाऱ्यांना देते, कारण माणसं तिथे राहतात. सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांतही माणसं राहतात.

ही गोष्ट वर्डप्रेसने फार लवकर ओळखली होती, आणि माझ्या मनात त्या प्रकल्पाबद्दल जो आदर आहे तो त्यामुळे. ज्या पीएचपी भाषेवर ते चालतं तिच्या ५.२ मालिकेची देखभाल जानेवारी २०११ मध्ये थांबली. स्वस्त होस्टिंगवर मात्र ती वर्षानुवर्षं पडून राहिली, आणि जगातल्या लहान वेबसाइट स्वस्त होस्टिंगवरच असतात. वर्डप्रेसने ५.२.४ ही किमान अट २०१९ पर्यंत धरून ठेवली. आत काम करणाऱ्यांना ते जाचक होतं. भाषेत नव्या सोयी येऊन पडलेल्या, आणि त्या वापरता येत नाहीत, कारण कुठेतरी कोणाचा तरी सर्व्हर जुना आहे. अट वाढवायची ठरली तेव्हाही ती एका रात्रीत वाढवली नाही. फेब्रुवारी २०१९ मधल्या ५.१ आवृत्तीने आधी वेबसाइट चालवणाऱ्याला साध्या शब्दांत सांगितलं की तुमचा सर्व्हर जुना आहे, होस्टिंगवाल्याकडे अशी मागणी करा. मग मे महिन्यातल्या ५.२ मध्ये अट ५.६.२० झाली. त्या क्रमात मला सौजन्य दिसतं. आधी कळवायचं, मार्ग दाखवायचा, थोडं थांबायचं, मग पुढे जायचं.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचंही तसंच. ऑक्टोबर २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून लहान दुरुस्त्या आपोआप चढू लागल्या. वेबसाइट करून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड कोणाला आठवत नाही, तरी दुरुस्ती रात्रीतून येऊन बसते. आणि ३.७वर राहून गेलेल्यांनाही या दुरुस्त्या डिसेंबर २०२२ पर्यंत मिळत राहिल्या. म्हणजे नऊ वर्षं कोणीतरी प्रत्येक भोक पुन्हा पुन्हा बुजवत होतं. नव्या कोडमध्ये एकदा, मग त्याच्या मागच्यात, मग त्याच्याही मागच्यात. ज्याच्यासाठी हे केलं त्याला पत्ताही नाही. या कामाची घोषणा होत नाही, परिषदेत त्यावर टाळ्या पडत नाहीत. मला मात्र सगळ्या नव्या रूपांपेक्षा, नव्या ब्लॉक एडिटरपेक्षाही, हे काम मोठं वाटतं.

द्रुपलची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि आपल्या मराठीला जवळची. मायबोली, मनोगत, मिसळपाव ही मराठी आंतरजालावरची जुनी, गजबजलेली ठिकाणं. द्रुपल या मुक्त साधनावर ती चालत आली. बेल्जियमच्या द्रीस बायतार्तने ते जानेवारी २००१ मध्ये खुलं केलं. त्याची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ची. २०१५च्या नोव्हेंबरात आठवी आली ती आतून इतकी वेगळी, की सातवरून आठवर जाणं म्हणजे वेबसाइट जवळजवळ नव्याने बांधणं. तंत्र म्हणून आठवी सरस होती, याबद्दल वाद नाही. पण ज्या संस्थेकडे एक स्वयंसेवक आणि रविवारची दुपार एवढंच भांडवल, तिने काय करायचं? लाखो वेबसाइट सातवरच थांबल्या. सातवीची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्ये संपायची होती. ती मुदत पुढे ढकलत ढकलत ५ जानेवारी २०२५ झाली. बरोबर चौदा वर्षं. ढकलणाऱ्यांना मी दुबळे म्हणणार नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं.

मुक्त परवान्याची खरी ताकद याच ठिकाणी दिसते. नेट आणि जेन लॅम्प्टन यांच्यासारख्या काहींनी सातव्या द्रुपलचीच वाट पुढे नेणारं बॅकड्रॉप नावाचं वेगळं साधन जानेवारी २०१५ मध्ये काढलं, लहान संस्थांसाठी म्हणून. त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. कोड घेतला, नाव बदललं, श्रेय ठेवलं आणि चालू लागले. मुख्य चमू नव्या दिशेला जायचा तो गेला. मागे राहणाऱ्यांनाही आपली वाट मिळाली. विकत घेतलेल्या साधनाची कंपनी बंद झाली की आपण हात चोळत बसतो. इथे तसं होत नाही.

वर्डप्रेसचा जन्मही असाच. मिशेल वाल्द्रिगी या कोर्सिकाच्या तरुणाने २००१ मध्ये बी२ नावाचं साधन लिहिलं. पुढे त्याचा आवाज येईनासा झाला, दुरुस्त्या थांबल्या. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या १९ वर्षांच्या मॅट मुलनवेगने जाहीर विचारलं की आता काय करावं, आणि इंग्लंडच्या माइक लिटलने कळवलं की पुढे न्यायचं असेल तर मी येतो. २७ मे २००३ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. पुढे मिशेलनेच त्याला बी२चा वारस मानलं. आज जगातल्या सर्व वेबसाइटपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्याच्यावर चालतात, असे अंदाज आहेत. पण मला त्या आकड्यापेक्षा माइक लिटलचा तो होकार आठवतो. अनोळखी माणसाच्या सोडलेल्या कामाला दुसरा अनोळखी माणूस खांदा देतो.

देखभाल झाली नाही तर काय होतं, हे मराठी वाचणाऱ्याला कोणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतप्रणाली रुजण्याआधी, १९९०च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं, मराठी वृत्तपत्रं आणि संस्था यांच्या वेबसाइट आपापल्या फॉन्टवर चालत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले. त्या त्या फॉन्टची फाईल असली तर पान मराठी. नसली तर चिन्हांचा आणि रोमन अक्षरांचा ढीग. फॉन्ट एका कंपनीचा, कळफलक दुसरीचा, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. पुढे ब्राउझर बदलले, ते फॉन्ट पानाबरोबर उतरवून घ्यायची पद्धत गेली, आणि त्या काळातला कितीतरी मजकूर डोळ्यांसमोर असूनही वाचता येईना. अग्रलेख होते, शोकवार्ता होत्या, निकाल होते, कुणा गावच्या संमेलनाचे वृत्तांत होते. जाळले नाहीत, बुडाले नाहीत. सांभाळणारं कोणी उरलं नाही, एवढंच. माझ्या वर्गात मी हे दरवर्षी मुलांना दाखवते. अशा एखाद्या पानाची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवते. ती गप्प होतात, कारण त्यांना वाटत असतं की इंटरनेटवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं.

त्या पडझडीतून मराठीला बाहेर काढणारीही माणसंच, आणि पुष्कळशी मुक्त परवान्याखाली काम करणारी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण नुसती यादीत. विंडोज एक्सपीवर मराठी दिसावं म्हणून सीडी घालून वेगळा भाग चढवावा लागे, हे माझ्या वयाच्या कोणालाही आठवेल. 'ॲ'ला स्वतःची जागा २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाली. लोहित फॉन्टचे मूळ आराखडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते खुले केले, पुण्यातल्या प्रवीण सातपुते यांच्यासारख्यांनी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केले, आणि २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट आज कितीतरी मराठी वेबसाइटवर आहे आणि त्याला कोणी पैसे भरत नाही. वाचनालयाच्या त्या पहिल्या वेबसाइटवर मुक्ताच आहे. जोडाक्षर तुटत नाही, रफार जागेवर बसतो. वाचणाऱ्याचं तिकडे लक्षही जात नाही, आणि जाऊ नये यासाठीच कोणीतरी खपलेलं असतं.

खपणारे थकतात. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं म्हणून जरा थांबते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हे भगदाड उघडकीला आलं. बँका, टपाल, दुकानं, सगळ्यांचे व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर गुप्त राहतात त्यातच ते होतं. तेव्हा जगाला कळलं की त्या प्रकल्पाला देणग्या मिळत त्या वर्षाला २,००० डॉलरच्या आसपास. दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ला, एक्सझेड नावाच्या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाचं प्रकरण बाहेर आलं. ते फिनलंडचा लासे कॉलिन वर्षानुवर्षं एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्याकडे अनोळखी नावांची पत्रं येऊ लागली. दुरुस्त्या उशिरा होतात, दुसऱ्याला का आणत नाहीस, असा तगादा. आपली मानसिक अवस्था बरी नाही आणि हे काम फावल्या वेळातलं आहे, हे त्याने मोकळेपणाने सांगितलंही. त्याच वेळी 'जिया तान' नावाची कोणी व्यक्ती आपणहून मदत करत होती. नेटकी, तत्पर, गोड बोलणारी. हळूहळू तिच्या हाती किल्ल्या गेल्या, आणि २०२४च्या फेब्रुवारीत तिने त्या साधनात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगइन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने पिच्छा पुरवला, आणि जग वाचलं.

मी ही हकीगत वाचली त्या रात्री मला कोडपेक्षा त्या माणसाचं फार वाईट वाटलं. त्याच्या थकव्याचा हिशोब करून कोणीतरी आत शिरलं होतं. इतक्या लोकांनी त्याचं साधन वापरलं, आणि तो एकटा पडला आहे हे फक्त चोराच्या लक्षात आलं.

म्हणून पैशाचं बोलायला मला संकोच वाटत नाही. फुकट साधनाच्या मागे कोणाचं तरी घर चालायला हवं. आपल्याकडे याची चांगली उदाहरणं आहेत. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीतून उद्योगधंद्यांचं कामकाज सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट आलं, तीच कंपनी आजची फ्रॅपे. पानं ओढून-मांडून वेबसाइट तयार करता येणारं फ्रॅपे बिल्डर हे तिचंच, तेही मुक्त परवान्याखाली. कंपनीचा खर्च होस्टिंग आणि सेवा यांतून भागतो, साधन सगळ्यांचं राहतं. आपली स्वतःची पानं फ्रॅपेवाले बिल्डरमध्येच करतात. सांभाळणारे स्वतः जे रोज वापरतात ते टिकतं, असा माझा अनुभव आहे. पुण्याच्या आरटीकॅम्पने २००९ पासून वर्डप्रेसवरच धंदा उभा केला आणि आपल्या माणसांचा वेळ मूळ प्रकल्पाला दिला. २०२४च्या ऑक्टोबरात झेरोधाने मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. बुलढाण्यातल्या माझ्या लहानशा प्लगइनला त्यातलं काही नको, आणि ते योग्यही होणार नाही. पण ज्यांच्या खांद्यावर माझं प्लगइन उभं आहे त्यांना मिळालं की मलाही मिळतं.

पैशाने सगळं सुटत नाही, हेही त्याच वर्षाने दाखवलं. वर्डप्रेसच्या संस्थापकाचा एका मोठ्या होस्टिंग कंपनीशी सप्टेंबर २०२४ मध्ये वाद पेटला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि लाखो लोक वापरतात असं एक प्लगइन संग्रहात मूळ चमूच्या हातून काही काळ काढून घेतलं गेलं. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. पण त्या आठवड्यात मला प्रथमच प्रश्न पडला, की इतक्यांचं सामायिक कोठार एका माणसाच्या शब्दावर कसं काय उघडतं आणि मिटतं? साधन मुक्त आहे, कोड मुक्त आहे, आणि दार मात्र एकाच्या ताब्यात. या गोष्टीची व्यवस्था अजून लागायची आहे. ती लागेपर्यंत आम्ही सांभाळणाऱ्यांनी आपला कोड दुसरीकडेही ठेवावा. मी ठेवला आहे.

वापरणाऱ्यांकडून मला काय हवं, असं मला विचारतात. देणगी नको. बिघाड झाला तर नीट सांगा. कोणती आवृत्ती, कोणता फोन, नेमकं काय केलं तेव्हा असं झालं, आणि पडद्याचा फोटो. अशी एक चांगली तक्रार माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचवते. डोणगावसारख्या ठिकाणचा माणूस यात मोठी भर घालू शकतो, कारण आमचे फोन जुने, रेंज एक कांडी, आणि लाईन मध्येच जाते. अर्धवट चढलेलं पान कसं दिसतं, हे बंगळूरच्या कार्यालयात बसून कळत नाही. ते आम्हाला कळतं, आणि आम्ही सांगायला हवं.

आणि नकार ऐकून घ्या. हे मला सांगायलाच हवं, कारण सांभाळण्याचा फार मोठा भाग नकारात जातो. कोणी म्हणतं तिथी दाखवा, चतुर्थी-एकादशी दाखवा, चंद्रोदय दाखवा. मागणी प्रेमाने असते. पण तिथी चंद्र-सूर्याच्या गणितावर, ते गणित पंचांगानुसार थोडं थोडं वेगळं, आणि एका चतुर्थीची चूक झाली तर कोणाचा तरी उपास चुकेल. जे मी दहा वर्षं नीट सांभाळू शकणार नाही ते आज घालायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. नाही म्हणताना वाईट वाटतं. तरी म्हणते.

दहा वर्षांनी मी असेन की नाही, हा प्रश्नही आता टाळत नाही. वर्डप्रेसच्या संग्रहात एक सोय आहे. आपल्याला पुढे नेता येत नसेल तर 'दत्तक घ्या' अशी खूण लावता येते. मला तिथपर्यंत थांबायचं नव्हतं. वर्गातल्या दोन मुलींना मी गेल्या काही काळापासून सोबत घेतलं आहे. आधी तक्रारी वाचायला दिल्या. उत्तर कसं लिहायचं, रागावलेल्या माणसाला काय सांगायचं, हे कोडच्या आधी. मग चाचण्या. मग एक लहान दुरुस्ती. नवी आवृत्ती संग्रहात कशी चढवायची, हे मी मराठीत पायरी-पायरीने लिहून कोडच्या शेजारीच ठेवलं, म्हणजे माझ्या डोक्यात काही राहू नये. मागची आवृत्ती त्यांनीच काढली. मी शेजारी बसले होते, पण कळफलकाला हात लावला नाही. एकीचं लग्न ठरतंय, ती संभाजीनगरला जाईल. ती म्हणाली, "ताई, तिकून बी करता येते ना हे काम." येतं. या कामाचं ते एक बरं आहे.

वाशिम जिल्ह्यातल्या एका शिक्षकांची मागणी मात्र आम्ही घेतली आहे. शाळेच्या वेबसाइटवर त्यांना भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख हवी आहे, तीच, जी २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामात इंग्रजी तारखेच्या जोडीने वापरात आली. तिचं गणित सरळ आहे. चैत्र साधारणपणे २२ मार्चला सुरू होतो आणि ३० दिवसांचा असतो. लीप वर्षात तो २१ मार्चला सुरू होतो आणि ३१ दिवसांचा होतो. तिथीसारखा वाद त्यात नाही, म्हणून ते आपल्याला सांभाळता येईल असं आम्ही तिघींनी बसून ठरवलं. दुसरी मुलगी ते लिहिते आहे. तिने चाचणीसाठी सालं निवडली ती मी काल पाहिली. २०२८ आहे, लीप वर्ष म्हणून. २०३८ आहे, कारण जुन्या ३२ बिटच्या सर्व्हरवर त्या वर्षीच्या जानेवारीत घड्याळं उलटी फिरतील. आणि शेवटी २१०० आहे, म्हणजे शके २०२२. त्याला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही, आणि तिथे चैत्र बावीस तारखेलाच लागायला हवा.